चांदोलीलगतच्या गावातील पर्यटन व्यवसायांना मुंबईच्या मंडळाने कशी मदत करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात, चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आहे. गावातील चार-पाच घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे, दोन तरुण गाइडचे काम करतात आणि एकाने जीप घेतली आहे. मुंबईतील आपल्या ग्रामस्थ मंडळाकडे वर्गणीतून आणि एका मोठ्या देणगीतून बऱ्यापैकी रक्कम जमली असून, तिच्यातून गावात दहा खोल्यांचे पर्यटक निवास बांधावे असा सभेचा सूर आहे. जंगलाला धक्का न लावता या व्यवसायांना टिकाऊ मदत कशी करता येईल आणि त्यासाठी संकेतस्थळ काढावे का, असे आपण विचारले आहे. शहरातील गट आणि अभयारण्यांच्या कडेची गावे यांची गाठ घालून देण्याचे काम मी दादरमध्ये राहून बरीच वर्षे करते आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

इमारतीचा आग्रह धरणाऱ्या सभासदांचा हेतू चांगलाच आहे. दिलेल्या पैशाचे काय झाले हे डोळ्यांना दिसावे, पायरीवर मंडळाचे नाव कोरलेले असावे, असे देणगीदारांना वाटणे स्वाभाविक आहे. तरीही बांधकामाचा ठराव करण्यापूर्वी एक हिशेब सभेपुढे ठेवावा. पावसाळ्याचे साधारण चार महिने, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. उरलेल्या आठ महिन्यांत सुमारे ३५ आठवडे येतात. मुंबईपासून कराडपर्यंतच रस्त्याने ३०० किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि तेथून पुढे कोकरूड, आरळा करीत जावे लागते. त्यामुळे नोकरदार कुटुंब शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघते आणि रविवारी दुपारी परतीला लागते. म्हणजे गावात मुक्कामाची हमखास रात्र आठवड्यातून एकच, शनिवारची. वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी या ३५, आणि त्यांतूनही मार्चमधील परीक्षांचे शनिवार वजा करावे लागतील.

आता समजा, इमारतीला ५० लाख रुपये लागले. ती रक्कम बँकेच्या कर्जातून उभी केली असती तर दहा टक्के दराने वर्षाला पाच लाख रुपये व्याज भरावे लागले असते. दहाही खोल्या पस्तीसच्या पस्तीस शनिवारी १,५०० रुपये दराने भरल्या, तरी वर्षाचे उत्पन्न सव्वापाच लाखांच्या पुढे जात नाही, आणि त्यातून रखवालदार, वीज, पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी आणि गळती हा सगळा खर्च भागवायचा आहे. रक्कम देणगीची आहे म्हणून व्याज द्यावे लागणार नाही हे खरे. पण मग त्याच पाच लाखांत गावासाठी दुसरे काय झाले असते, हे विचारलेच पाहिजे. शिवाय शनिवारी येणारे तेच पाहुणे आज त्या चार-पाच घरांत उतरतात. मंडळाची इमारत उभी राहिली की ते तिकडे वळतील, आणि ज्यांना मदत करायची त्यांच्याच ताटातील घास मंडळाने काढून घेतल्यासारखे होईल.

तेव्हा अडचण खोल्यांची नाही. आडवारी, म्हणजे शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी, पाहुणे नाहीत, आलेल्या पाहुण्यांचा पैसा वेळेवर हातात पडत नाही, आणि पडलेल्यातील बराचसा गावाबाहेर जातो, या तीन अडचणी आहेत. आणि तिन्ही ठिकाणी मुंबईतील माणसे गावातल्या माणसांपेक्षा अधिक काही करू शकतात.

पुढे जाण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की काही गोष्टी आपल्या गावाच्या परिस्थितीवरच ठरतील. गाव वारणेवरच्या चांदोली धरणाच्या अलीकडे आहे की डोंगरात आत, पिण्याचे पाणी एप्रिल-मेमध्ये टिकते की टँकर येतो, वनविभागाच्या स्थानिक अधिकाऱ्यांशी गावाचे संबंध कसे आहेत, आणि धरण व अभयारण्य यांमुळे विस्थापित झालेल्या गावांशी आपले नाते काय, हे सर्व पाहावे लागेल. शेवटचा मुद्दा बाहेरच्या सल्लागाराच्या सहसा लक्षात येत नाही. ज्यांची घरे, देवळे आणि शेते आज उद्यानाच्या हद्दीत गेली आहेत, त्यांना तेच जंगल पर्यटकांना हौसेने दाखवले जाताना पाहणे सोपे नसते. अशी कुटुंबे गावात किंवा भावकीत असतील, तर गाइड आणि जीप यांची पहिली संधी त्यांच्या मुलांना मिळावी असे मी सुचवेन. जंगलातील जुन्या वाटा आणि पाणवठे त्यांच्याच वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात, हे त्यामागचे व्यावहारिक कारणही आहे.

आता खोल्यांविषयी. आपल्या गावात कुलूप लावलेली घरे किती आहेत, हे एकदा मोजावे. शिराळा, पाटण, जावळी या पट्ट्यातील ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गिरणगावात आली, तेथे मुंबईकरांची पक्की, फरशी घातलेली, संडास-न्हाणी असलेली घरे यात्रा आणि मे महिना सोडला तर बंदच असतात. तीच घरे गावात राहणाऱ्या भावाला किंवा चुलतभावाला पाहुण्यांसाठी चालवायला दिली, तर एक वीटही न रचता आठ-दहा खोल्या मिळतात. मात्र त्यासाठी लेखी करार हवा. सख्ख्यांमध्ये कागद कशाला, असे म्हणणारे सभेत असतीलच. पण भांडणे नेमकी तेथेच होतात. विजेचे बिल कोणी भरायचे, भांडी फुटली तर काय, उत्पन्नातील किती हिस्सा घरमालकाचा, हे कागदावर असावे. सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे मे महिन्याचे. मुंबईकराला आपले घर मे महिन्यात मुलाबाळांसह हवे असते आणि शाळांना सुट्ट्या असल्याने पर्यटकही त्याच महिन्यात अधिक येतात. कोणते पंधरा दिवस घर मालकाचे आणि कोणते पाहुण्यांचे, हे जानेवारीतच ठरले नाही, तर ज्याने आगाऊ पैसे भरले आहेत अशा कुटुंबाला दारातून परत पाठवण्याची वेळ चालवणाऱ्यावर येते.

याच्याशी जोडलेला एक विषय कंटाळवाणा असला तरी मी तो सर्वांत वर ठेवते, आणि तो आहे संमतीपत्रांचा. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, तर किमान एक एकर शेती लागते आणि जास्तीत जास्त आठ खोल्या ठेवता येतात. महिलांसाठीच्या पर्यटनविषयक ‘आई’ धोरणाखाली १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला असावा लागतो. आता गावात जाऊन सातबारा पाहा. त्यावर आजोबांचे नाव असते, किंवा चार भाऊ आणि तीन बहिणी यांची सामाईक नावे असतात, आणि त्यांतील पाच जण कांजूरमार्ग, डोंबिवली, नालासोपारा येथे राहतात. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा सासऱ्यांच्या नावे असतो. पाहुण्यांचे सारे काम सूनबाई करतात, पण बँकेत त्यांच्याकडे दाखवायला कागद नसतो. मुंबईतील पाच जणांनी एका रविवारी एकत्र बसून, नोटरी करून, गावातील वहिनीच्या नावे व्यवसाय चालवण्यास संमती दिली, तर तिच्या नोंदणीतील आणि कर्जातील सर्वांत मोठा अडसर मंडळाच्या तिजोरीतील एक रुपयाही न काढता दूर होतो. हक्कसोड करण्याची गरज नाही आणि तशी मागणीही कोणी करू नये, म्हणजे लोक घाबरणार नाहीत.

पैशांच्या प्रवाहाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा बहुतेक वेळ याच कामात जातो. दोन खोल्यांचे एक घर डोळ्यांसमोर आणू. माणशी १,४०० रुपये, त्यात मुक्काम, दोन वेळचे जेवण, नाश्ता आणि चहा. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, आपल्या गावात ते थोडे वेगळे असतील. त्यातील सुमारे ४५० रुपये किराणा, भाजी, कोंबडी, दूध यांना जातात. गॅस, सरपण, वीज, चादरी धुणे यांना १५०, मदतीला आलेल्या शेजारणीला १५० आणि गावनिधीला ५० दिले, की घरात ६०० उरतात. हाच पाहुणा एखाद्या बुकिंग संकेतस्थळामार्फत आला आणि त्यांनी २० टक्के दलाली घेतली, तर २८० रुपये तेथेच जातात आणि घरात ३२० राहतात. भाड्याच्या पंचमांशाएवढी वाटणारी दलाली प्रत्यक्षात नफ्याचा जवळजवळ निम्मा भाग नेते. हे गणित मी वहीत मांडून दाखवते तेव्हा बायकांना ते लगेच कळते. मुंबईच्या सभेत ते समजावून द्यायला अधिक वेळ लागतो.

दुसरी गोष्ट शुक्रवारच्या फोनची. बारा जणांचा गट येणार म्हणून बाई गुरुवारी बाजार करते, दुकानदाराकडे उधारी मांडते, शेजारणीला शनिवारी दुसऱ्याच्या शेतावर जाऊ नकोस असे सांगून ठेवते. शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो की आमच्यातले पाच जण कमी झाले, आम्ही सातच येतो. बोलणाऱ्याच्या लेखी ही साधी माहिती असते, कारण मुंबईत पाच ताटे कमी झाली तर हॉटेलचे काही बिघडत नाही. येथे मात्र पाच माणसांची कोंबडी आणलेली असते, शेजारणीची मजुरी बुडालेली असते आणि दुकानदाराची उधारी तशीच राहते. असे दोन शनिवार लागोपाठ झाले की घरातली माणसे म्हणू लागतात, हा उद्योग बंद कर. छोटे व्यवसाय मोडतात ते बहुधा असे, आणि नंतर त्यांची नोंद ‘प्रतिसाद मिळाला नाही’ अशी होते.

यावर मंडळाने करावयाचे काम सरळ आहे. गटांची नोंदणी मुंबईत करावी, पूर्ण पैसे आगाऊ घ्यावेत, मुक्कामाच्या तीन दिवस आधी निम्मी रक्कम त्या घराच्या बँक खात्यात जमा करावी, आणि त्यानंतर कोणी गळाले तर ती रक्कम परत करू नये. हे काम सांभाळणाऱ्या मुंबईतील एखाद्या निवृत्त सभासदाला थोडे मानधन द्यावे. फुकटातले काम उत्साह ओसरला की थांबते. जमलेल्या रकमेतून दोन-तीन लाख रुपये फिरत्या निधीसाठी वेगळे काढावेत. त्यातून २० ते ३० हजारांपर्यंत बिनव्याजी उचल द्यावी आणि ती हंगामातील उत्पन्नातून परत घ्यावी. गाद्या, मच्छरदाण्या, पाण्याची टाकी, शोषखड्डा, सौरदिवे, कौले बदलणे अशा कामांना एवढी रक्कम पुरते. उचल कोणाला द्यायची हे गावातील महिला बचत गटाने ठरवावे, कारण कोण परत करील आणि कोण करणार नाही हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. अनुदान म्हणून वाटू नये. ज्याला मिळाले नाही तो पुढची दहा वर्षे मंडळाशी बोलणार नाही.

आडवारी पाहुणे कोठून आणायचे, हा खरा कठीण प्रश्न आहे. माझ्या अनुभवात चार प्रकारचे लोक सोमवार ते गुरुवार येऊ शकतात: निवृत्त मंडळी, महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे विभाग, पक्षी व फुलपाखरे पाहणारे हौशी गट, आणि घरून संगणकावर काम करणारे तरुण. शेवटच्या गटाचा आजकाल फार गवगवा होतो. गावात मोबाइलची रेंज सलग मिळत असेल तरच त्यांच्या मागे लागावे. ज्येष्ठ नागरिक संघ मात्र मुंबईत जवळजवळ प्रत्येक वॉर्डात आहेत, त्यांना शनिवार-रविवारची सक्ती नाही, ते वेळ पाळतात आणि जेवणाला मनापासून दाद देतात. त्यांच्यासाठी कमोडची सोय, रात्री उजेड आणि कराडपासून चांगली गाडी एवढे पाहावे. महाविद्यालयांच्या सहली वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतात, म्हणून त्यांना जून-जुलैमध्ये पत्र गेले पाहिजे.

या लोकांना काय सांगून बोलवायचे, यावर फार काही अवलंबून आहे. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. ‘व्याघ्र प्रकल्प’ हे शब्द जाहिरातीत घालण्याचा मोह होतो, आणि ताडोबातून वाघीण येथे आणल्याच्या बातमीनंतर तो वाढला आहे. तो टाळावा. ताडोबाचे जंगल आणि सह्याद्रीचे दाट, सदाहरित-निमसदाहरित जंगल यांत पुष्कळ फरक आहे; येथे वाघ दिसण्याची आशा दाखवून माणूस आणला तर तो नाराज होऊन परत जातो आणि तसे लिहितोही. गवा, शेकरू, धनेश, झोळंबीसारखे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारे, पावसाळ्यानंतर त्यांवर येणारी फुले, प्रचितगड किल्ल्याचा इतिहास, धरणाचा वसंत सागर जलाशय आणि गावातले जेवण यांवर सहल उभी करावी. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यांत चांदोली आहे, हे सांगायला हरकत नाही. पण त्याच यादीतील कासच्या पठारावर त्यानंतर किती गर्दी लोटली आणि तेथील गावांच्या समित्यांना प्रवेशसंख्येवर मर्यादा घालून ती कशी आवरावी लागली, हेही मंडळाने जाणून घ्यावे. मर्यादा गर्दी होण्यापूर्वी ठरवली तर गाव ती पाळून घेऊ शकते. गर्दीची कमाई सुरू झाल्यावर मर्यादेचे नाव काढणारा गावात वैरी ठरतो.

प्रत्यक्ष पाहून यावे अशी दोन गावे सुचवते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावातील घरांतच उतरतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असूनही तेथे घरगुती व्यवसाय टिकला, कारण कासवांच्या संवर्धनाचे काम आधी झाले आणि पाहुणे नंतर आले. दुसरे अकोले तालुक्यातील पुरुषवाडी. काजव्यांसाठी ते प्रसिद्ध असले तरी मला तेथील घरांत पाहुणे पाळीपाळीने वाटून देण्याची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या गावात ती पहिल्या दिवसापासून हवी. रस्त्याकडेच्या घरालाच सगळे पाहुणे मिळाले, तर वरच्या आळीतील माणसे पाहुण्यांच्या गाड्यांना वाट का देतील?

पाणी आणि कचरा यांवर मी पाहुण्यांची संख्या ठरवते, खोल्यांवर नाही. शहरातला माणूस शॉवरखाली आणि फ्लशने जितके पाणी सहज वापरतो, तितक्यात गावातील आख्खे घर दिवस काढते. मे महिन्यातील सर्वांत कमी पाणी असलेल्या आठवड्यात गावाला त्रास न होता किती पाहुणे सांभाळता येतील, हे सरपंच आणि बायका यांच्याशी बोलून ठरवावे आणि तीच पूर्ण हंगामाची कमाल मर्यादा मानावी. बादली-तांब्याची न्हाणी ठेवली तर पाहुणे तक्रार करतील ही भीती निराधार आहे. बंबातले कडकडीत पाणी मिळाले की कोणी शॉवरची आठवण काढत नाही. संडासाचे पाणी ओढ्यात जाता कामा नये, कारण आपल्या गावचा ओढा वारणेला मिळतो. कचऱ्याचा नियम एकच ठेवावा: प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने ज्याने आणली त्याने मुंबईला परत न्यावीत, आणि निघताना गाडीत पिशवी चढली की नाही हे मंडळाच्या गटप्रमुखाने पाहावे. उरलेले अन्न उघड्यावर टाकले तर आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

नियमांचा भाग थोडक्यात. राष्ट्रीय उद्यानाच्या आत काहीही बांधता येत नाही, हे सर्वांना माहीत असते. पण हद्दीबाहेरही पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचना लागू होतात, आणि त्यांत साधारणपणे हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक हॉटेल वा रिसॉर्टला मनाई असते, स्थानिक रहिवाशांना स्वतःच्या वापरासाठी घर बांधण्याची मुभा असते. आपल्या जागेचा गट क्रमांक घेऊन वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी, तोंडी उत्तरावर विसंबू नये. आपल्या दहा खोल्यांच्या प्रस्तावाचा निकाल कदाचित याच एका पत्राने लागेल. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक घराने अन्नसुरक्षेची नोंदणी करावी, आणि परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती ठरलेल्या नमुन्यात सरकारला कळवावी लागते, हे विसरू नये.

जीपवाल्या तरुणाची गाडी खासगी नोंदणीची, म्हणजे पांढऱ्या पाटीची असेल, तर मंडळाने तिच्यासाठी पहिली मदत करावी. भाडे घेऊन प्रवासी नेताना अपघात झाला तर अशा गाडीच्या विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि एका घाटात त्याचे सगळे आयुष्य अडकू शकते. पिवळ्या पाटीचा परवाना, विमा आणि पहिल्या वर्षाचा कर यांसाठी निधीतून उचल देणे हे दहा खोल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. गाइडच्या बाबतीत एवढेच सांगेन की त्यांच्या शुल्कात घासाघीस करू देऊ नये. ताडोबात स्थानिक गाइड सोबत असणे सक्तीचे आहे, त्यामुळे कडेच्या गावांतील मुलांना आणि आता मुलींनाही त्यात रोजगार मिळाला. आपल्या मुलांना पक्ष्यांची आणि झाडांची स्थानिक नावे येतातच; दुर्बीण, मराठी पक्षीपुस्तिका आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण यांचा खर्च मंडळाने करावा.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत धबधब्यांवर गर्दी आणण्याच्या भानगडीत पडू नये. त्या भागातला पाऊस, दरडी आणि दारू पिऊन ओढ्यात उतरणारे लोक यांची जबाबदारी शेवटी गावावर येते. त्याऐवजी घरांतील नाचणी, हातसडीचा तांदूळ, कुळीथ, गवळी-धनगर कुटुंबांचे तूप यांना मुंबईतील सोसायट्यांत गणपती-दिवाळीच्या सुमारास गिऱ्हाईक मिळवून द्यावे. मध, करवंदे किंवा जांभळे विकायची तर ती मालकीच्या रानातलीच असल्याची खात्री करावी. राष्ट्रीय उद्यानातून असा माल काढणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि त्यात सापडतो तो गोळा करणारा गरीब माणूस.

आपण संकेतस्थळाविषयीही विचारले आहे. पहिल्या वर्षी त्याची आवश्यकता नाही. एक दूरध्वनी क्रमांक, घरांचे खरे फोटो, दरपत्रक आणि नियमांचे एक पान पुरेसे आहे.

कामांचा क्रम लावायचा झाल्यास मी असा लावेन: या महिन्यात गट क्रमांकाविषयीचे पत्र आणि संमतीपत्रे, पावसाळ्यात फिरता निधी, शोषखड्डे व जीपचे कागद, त्याच वेळी ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालये यांच्याशी पत्रव्यवहार, आणि ऑक्टोबरनंतर आडवारचे पहिले गट. इमारतीचा विषय दोन हंगामांनंतर पुन्हा सभेपुढे आणावा. तेव्हा वह्यांत मंगळवार-बुधवारच्या रात्री भरलेल्या दिसल्या आणि बंद घरेही अपुरी पडत असली, तर मी स्वतः आपल्या बाजूने बोलेन.

शेवटचा मुद्दा सभेत मांडायला थोडा अवघड आहे, पण तो आपणच मांडावा लागेल. गावातील बाई अनोळखी पाहुण्याकडून पैसे घेऊ शकते; मुंबईहून आलेल्या दिराकडे, त्याच्या चार मित्रांकडे किंवा मंडळाच्या अध्यक्षांकडे ती कधीही मागणार नाही. ती जेवू-खाऊ घालील, वर डब्यात नाचणीचे पीठ बांधून देईल आणि त्या शनिवारचा तोटा गप्प बसून सोसेल. म्हणून मंडळाने असा ठराव करावा की घरचे कार्य किंवा यात्रा सोडून जो सभासद मित्रमंडळींसह गावात उतरेल, त्याने ठरलेला पूर्ण दर मुंबईतच कोषाध्यक्षांकडे भरावा आणि तो त्या घराच्या खात्यात जावा. पहिली पावती अध्यक्षांच्या नावाची फाडली, तर बाकीच्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.